सुकटीचं पाणी

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवरून. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं छपाईचं मशीन होतं, मागच्या खोलीत आम्ही राहायचो आणि मधे दाराऐवजी एका जुन्या मोर्चाचा कापडी बॅनर टांगलेला होता. झोपताना मला त्यावरची अक्षरं उलटी दिसायची. बाबांचं पोट लग्नपत्रिकांवर आणि बिलबुकांवर चालायचं, जीव मात्र पत्रकांवर. यंत्रमाग कामगारांची पत्रकं, पाण्याच्या टँकरविरुद्धची पत्रकं, रस्त्यावरच्या खड्ड्यांविरुद्धची पत्रकं. 'घर', 'बस', 'कमळ' हे शब्द वाचायला येण्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. छापून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची आणि आई त्यांच्यात लसूण बांधून ठेवायची.

तिशीत कोणी आठवणी लिहितं का, असं लोक विचारतात. ज्यांच्याविषयी लिहायचंय ते सगळे अजून धडधाकट आहेत आणि दर निवडणुकीला हात जोडून दारात उभे राहतात. ते मेल्यावर लिहून काय उपयोग? त्यांनी वाचावं म्हणूनच आत्ता लिहिते आहे.

आमच्या अंगणाच्या पलीकडे जैनब खालांच्या घरच्यांचा लूमचा गाळा होता. दिवसभर त्याची खटखट चालायची आणि तिच्यावर आमच्या मशीनचा फटक-फटक ताल बसायचा. भिवंडीत वाढलेल्या माणसाला हा आवाज ऐकू येत नाही. तो थांबला की दचकायला होतं. लाइट गेली की सगळी गल्ली एकदम बहिरी व्हायची आणि मग शेजारच्या घरातली फोडणीसुद्धा ऐकू यायची. त्या शांततेत आई मोठ्यानं बोलायची, कारण तिला हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. आई अकलोलीची. गरम पाण्याच्या कुंडांच्या गावातली असल्यामुळे आमच्या बंबातलं पाणी तिला कायम कोमट वाटायचं. स्वयंपाकात मात्र ती खाडीकडची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि आठवड्यातून निदान दोनदा कांद्यात परतलेली सुकट. सुकट ती आधी कढईत कोरडी भाजायची, मग भरपूर पाण्यात धुवायची, आणि ते गढूळ, खारट, वासाचं पाणी ती कधीही मोरीत ओतत नसे. ते अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला जायचं.

हा खड्डा आमच्या आणि खालांच्या गाळ्यात सामाईक होता. जमिनीत एक पाइप पुरलेला, त्याच्याभोवती कोळसा आणि मीठ, वर मातीचं छोटं आळं. पाइपाला जोडलेली लोखंडी पट्टी भिंतीवरून एकीकडे आमच्या मशीनला आणि दुसरीकडे गाळ्यातल्या लूम्सना गेलेली होती. मशीनच्या आत कुठे वायर सोलली गेली आणि वीज बाहेरच्या लोखंडात उतरली तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता या पट्टीवरून जमिनीत जावं, म्हणून ही सोय. माती कोरडी झाली की ती वीज नेत नाही. ओली आणि खारट असली की नेते. खड्डा खणणाऱ्यानं जाताना आईला एवढंच सांगितलं होतं की याला पाणी घालत जा, मिठाचं असेल तर उत्तम. बाकीचं शास्त्र आईनं स्वतः रचलं.

"ईजंला बी तान लागते गो बाय," ती म्हणायची. "दिसभर धावते ती. पानी नको तिला?"

"आई, वीज धावत नाही. इलेक्ट्रॉन जागच्या जागी हलतात फक्त."

"मंग मशीन कोन चालवतं? तुजा बापूस?"

मी बारावी सायन्सला होते आणि हे मला नुकतंच कळलं होतं. आपल्या घरातल्या विजेत इलेक्ट्रॉन वायरमधून धावत येतच नाहीत. ते केसाच्या जाडीइतकंही न सरकता मागे-पुढे, मागे-पुढे होत राहतात. मला ते पटलं ते खालांच्या गाळ्यात. लूमचा धोटा दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातो, कुठेच पोहोचत नाही, तरी कापड पुढे सरकत राहतं. कॉलेजातल्या सरांना मी हे उदाहरण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "छान, पण परीक्षेत नको लिहू, मार्क जातील." असल्या माणसांनी आम्हाला पदार्थविज्ञान शिकवलं.

त्याच वर्षी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि दशरथशेठला जनतेच्या आरोग्याची काळजी वाटू लागली. दशरथशेठ म्हणजे अर्ध्या गल्लीचा मालक. शेती विकून त्यानं गाळे बांधले होते, चाळी बांधल्या होत्या. त्याच्याच चाळीतले संडास वर्षानुवर्षं तुंबलेले होते, त्याच्याच जागेतल्या, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगचं पाणी रंगीत होऊन उघड्या गटारातून वाहत होतं, त्यानं कोणाच्या आरोग्याला धक्का लागल्याचं त्याला कधी जाणवलं नव्हतं. टॉवर मात्र जाणवला. कारण ती इमारत त्याच्या चुलतभावाची होती आणि कंपनीनं आधी दशरथशेठची गच्ची बघून नापसंत केली होती. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तरीही त्यानं 'टॉवर हटाव कृती समिती' काढली तेव्हा सगळी गल्ली तिच्यात गेली, आणि सगळ्यांच्या पुढे माझे बाबा.

मी बाबांना विचारलं, "तो का करतोय हे तुम्हाला ठाऊक नाही का?"

"त्याचा हेतू त्याच्यापाशी," बाबा म्हणाले. "प्रश्न जनतेचा आहे. हेतू शुद्ध होईपर्यंत थांबलो असतो तर एकही आंदोलन झालं नसतं."

बाबा असंच बोलायचे, घरातसुद्धा. आमटीत मीठ कमी असलं तरी ते ठराव मांडल्यासारखं सांगायचे. त्यांनी समितीला अंगण दिलं, लाइट दिली आणि पत्रक फुकट छापून दिलं. पत्रकात लिहिलं होतं की टॉवरच्या लहरींनी चिमण्या मेल्या, दूध लवकर नासतं, केस गळतात, मुलांना पाढे आठवत नाहीत आणि घराघरात कॅन्सर शिरणार आहे. मुद्रितं तपासायचं काम माझं होतं. मी विचारलं की हे कुठून आणलं. बाबा म्हणाले, लोकांचा अनुभव आहे. मी म्हटलं, लोकांचा अनुभव तर सूर्य फिरतो असाही आहे. ते हसले नाहीत. आयुष्यभर त्यांनी मालकांचं खोटं पकडलं होतं. आपल्या बाजूचं खोटं पकडायची त्यांच्या हाताला सवय नव्हती.

समितीनं एक पाहुणे व्याख्याते आणले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि सांगितलं की इलेक्ट्रॉन कधी कण असतो, कधी लहर असतो, आणि आपण त्याच्याकडे बघतोय हे त्याला कळतं. "म्हणजेच," ते म्हणाले, "पदार्थाला मन आहे! आणि टॉवर त्या मनावर आघात करतो!" बायका हळहळल्या. शेवटी त्यांनी मोबाइलच्या पाठीवर चिकटवायची चकचकीत स्टिकरं काढली, जी म्हणे लहरी शोषून घेतात. भाषणात टॉवर हा राक्षस होता. त्याच्यावरचा उपाय त्यांच्या पिशवीत होता आणि पिशवी रिकामी झाली.

मी उठून विचारलं, "सर, प्रकाशानं धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तो प्रकाशाच्या जोरावर नाही, जातीवर, म्हणजे रंगावर पडतो ना? मंद जांभळा प्रकाश त्याला काढतो, झगझगीत लाल प्रकाश नाही काढू शकत. टॉवरच्या लहरी तर लालच्याही कितीतरी खाली. मग त्या शरीरातल्या अणूचा इलेक्ट्रॉन कसा तोडणार?"

"बाळ," ते म्हणाले, "हे पुस्तकी झालं."

पुस्तकी! चिंचेच्या झाडावरून चिंच पाडायची तर एक खडा पुरतो. खडा नसेल आणि तुम्ही लूमखाली साचलेला कापूस मूठमूठ भरून मारत बसलात, गोणीच्या गोणी मारल्या, तरी चिंच पडत नाही. प्रत्येक मूठ वेगळी लागते आणि वेगळी गळून जाते. त्यांची बेरीज होऊन खडा तयार होत नाही. टॉवरच्या लहरी म्हणजे हा कापूस. अगदी अँटेनाला चिकटून उभं राहिलं तर त्या ऊब देतील, तेवढंच त्यांचं काम. खाली गल्लीत तेही नाही. आणि इलेक्ट्रॉनला बघितलेलं कळतं म्हणजे त्याला डोळे-कान आहेत असं नाही. त्याला मोजायचं तर यंत्राला त्याच्याशी काहीतरी झटापट करावी लागते आणि त्या झटापटीनं फरक पडतो. एवढी साधी गोष्ट. पण ती सांगून स्टिकर खपत नाही. आजही हे व्याख्याते हिंडत असतात. आता ते पाणीसुद्धा 'क्वांटम' करून देतात असं ऐकते.

आंदोलनाला स्टेज हवं म्हणून आमच्या अंगणात सिमेंटचा पक्का चौथरा बांधायचं ठरलं. तो नेमका अर्थिंगच्या खड्ड्यावर येत होता. आईनं सांगितलं, बाजूला बांधा, मला तिथं पाणी घालायचं असतं. दशरथशेठनं नाकाला रुमाल लावला.

"वहिनी, तुमचा तो मच्छीचा खड्डा पहिला बुजवा. मोठी मोठी माणसं येणार इथं. मंडपात सुकटीचा वास आला तर काय म्हणतील?"

"म्हनतील का जेवाय बोलवा," आई म्हणाली.

पण तिचं कोण ऐकतं? मुन्ना नावाचा समितीचा वायरमन होता. त्याच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला असायचा, पेनसारखा, आणि तो त्यानं कान खाजवायचा. तो म्हणाला, "भाभी, पट्टी तो दीवार पे वैसी की वैसी है. अर्थिंग है, फिर क्या टेन्शन?" पट्टी खरंच जागेवर होती. दिसायला सगळं जागेवर होतं. दशरथशेठच्या हस्ते भूमिपूजन झालं, नारळ फुटला, त्याचं पाणी मातीवर सांडलं, आणि त्या खड्ड्याला मिळालेलं ते शेवटचं पाणी. वर सिमेंट पडलं. दिवस उन्हाळ्याचे होते. मग चौथऱ्याच्या कडेला शेठच्या नावाची पाटी लावून एक मोठा स्टीलचा कूलर आला, आंदोलकांना गार पाणी म्हणून. त्याच्यासाठी आमच्या छापखान्याच्या बोर्डातून चौथऱ्यापर्यंत वायर ओढून तिथंच प्लग बसवला, आणि त्याचं अर्थिंग मुन्नानं त्याच दिखाऊ पट्टीला जोडलं.

काही दिवसांनी बाबा पत्रकाची पुढची खेप छापत असताना "हां!" असं ओरडले. मशीनला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या होत्या. ते घाबरले नाहीत, उलट त्यांचा चेहरा उजळला.

"बघ उल्का! बघ! लोखंडापर्यंत पोचल्या लहरी!"

पलीकडे गाळ्यातले कामगारही सांगू लागले, "आज टावर बहुत काट रहा है." लूमला हात लावला की मुंगी चावल्यासारखं व्हायचं. आंदोलनाला याहून चांगला पुरावा कोणता? दशरथशेठ रोज गाळ्यात येऊन विचारायचा, आज किती जणांना चावला? आणि बाबांनी दुसरं पत्रक लिहिलं, त्याचं शीर्षक होतं, 'यंत्रांनाही टॉवरची बाधा.' टॉवरविरोधी पत्रक ज्या मशीनवर छापलं जात होतं ते मशीन बाबांचा हात चावत होतं आणि बाबा ते मजकुरात घालत होते. एवढा मूर्खपणा मी नंतर फक्त विधानसभेच्या जाहीरनाम्यांत पाहिला.

मी मुन्नाचा टेस्टर मागून घेतला आणि मशीनच्या लोखंडाला लावला. आतला दिवा पेटला. मला तो केशरी ठिपका फार आवडतो, आजही. त्या इवल्या नळीत निऑन वायू असतो. विजेच्या धक्क्यानं त्याच्या अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि परत उतरताना ठरलेल्या रंगाचा प्रकाश टाकतो. पायऱ्या ठरलेल्या आहेत, मधे लटकता येत नाही, म्हणून टेस्टर कुठेही लावा, कोणीही लावा, रंग तोच. कोण बघतंय, कोण अध्यक्ष आहे, कोणाची सभा आहे, त्याला काही देणंघेणं नसतं. मी तो लूमला लावला, पेटला. कूलरला लावला, सगळ्यात लख्ख पेटला. मग कूलरचा प्लग काढला आणि पुन्हा तिन्ही ठिकाणी लावून पाहिला. तिन्ही ठिकाणी अंधार. टॉवर समोर तसाच उभा होता, त्याचा लाल दिवा तसाच लुकलुकत होता.

म्हणजे कूलरच्या आतच वीज बाहेर झिरपत होती. ती पट्टीवर जात होती, पट्टी खाली कोरड्या, सिमेंटनं गाडलेल्या मातीत जात होती, तिथं तिला वाट नव्हती, म्हणून ती त्याच पट्टीवरून आमच्या मशीनच्या आणि गाळ्यातल्या लूम्सच्या अंगात शिरत होती. जी पट्टी माणसं वाचवायला लावली होती तीच सगळीकडे शॉक वाटत होती. मी हे मुन्नाला सांगितलं. त्यानं टेस्टर परत घेतला, कान खाजवला आणि म्हणाला, "नया कूलर है, बेबी. नये में लीकेज नहीं होता." आणि प्लग लावला. मी पुन्हा काढला. पुन्हा कोणीतरी लावला. शेवटी शेठनं तिथं खुर्ची टाकून एक माणूस बसवला, प्लगची राखण करायला.

मोठ्या सभेच्या दिवशी सकाळी जैनब खाला कळशी घेऊन कूलरवर आल्या. चौथऱ्यावर पाणी सांडलेलं होतं, सगळ्यांसारख्या खालांनीही चपला खालीच काढल्या होत्या. त्यांनी नळाला हात लावला आणि हात सुटेना. ओरडल्याही नाहीत; नुसत्या थरथरत होत्या, कळशी मात्र घंटेसारखी वाजत होती. गाळ्यातल्या एका कामगारानं लाकडी दांडा मारून वायर उपटली तेव्हा त्या खाली पडल्या. तळहातावर पांढरा चट्टा उमटला होता. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "उल्का, हात माजा माजा वाटत नाय गो."

अर्ध्या तासात दशरथशेठ आला. त्यानं खालांकडे पाहिलं, टॉवरकडे पाहिलं, आणि मोबाइल काढून खालांच्या हाताचा फोटो घेतला. "पहिला बळी," तो म्हणाला.

"कोणाचा बळी? मी जिती हाय!" खाला मांडीवरून ओरडल्या.

"पहिला बळी, थोडक्यात बचावला," शेठनं दुरुस्ती केली. मग बाबांना म्हणाला, "नाना, संध्याकाळच्या आत पत्रक पायजे. टॉवरनं बाईला खेचलं, असं." आणि जाताना मुन्नाला, "कूलर चालू कर. एवढी बायापोरं येणार, पाणी तर पायजे."

मुन्नानं उपटलेली वायर पुन्हा जोडली, फ्यूज बदलला आणि कूलर चालू केला.

मी बाबांसमोर उभी राहिले. ते कागद कापत होते. मी म्हटलं की आजच्या सभेला सगळी गल्ली येणार आहे, लेकराबाळांसकट, सगळे तहानलेले, सगळे अनवाणी त्या ओल्या चौथऱ्यावर चढणार, आणि खालांच्या वेळी दांडा हाताशी होता, पुढच्या वेळी नसेल. मेन स्विच आपल्या भिंतीवर आहे. तो पाडा.

"माइक त्याच लाइनवर आहे," बाबा म्हणाले.

"मग?"

"माइक बंद पडला तर सभा मोडेल. सभा मोडली की एकी मोडते. उल्का, चळवळीत काही गोष्टी नंतर दुरुस्त करता येतात."

"मेलेलं माणूस नंतर दुरुस्त करता येतं?"

"तू बारावीची मुलगी आहेस. मी तीस वर्षं—"

"तीस वर्षं तुम्ही मालकांना हेच विचारलंत ना? कामगाराच्या जिवापेक्षा मशीन चालू राहणं मोठं आहे का, म्हणून? माझ्याकडे आहे ते पत्रक. त्याच्या पाठीवर मी भागाकार शिकले."

ते कागद कापत राहिले. पत्रक छापून झालं, आणि त्या दिवशी मी त्याची मुद्रितं तपासली नाहीत.

संध्याकाळी अंगण फुलून गेलं. दशरथशेठ माइकवर होता, पायात चामड्याचे जाड बूट, आणि म्हणत होता की टॉवर आता थेट आपल्या आयाबहिणींवर हात टाकू लागला आहे. कूलरपाशी रांग लागायला सुरुवात झाली होती. मी मुन्नाच्या खिशातून टेस्टर उचलला, चप्पल न काढता चौथऱ्यावर चढले आणि रांगेच्या तोंडाशी उभी राहून तो कूलरला टेकवला. संधिप्रकाशात ठिपका लांबूनही दिसला.

"हा करंट आहे! कूलरमधला! कोणी हात लावू नका!"

शेठनं माइकवरूनच उत्तर दिलं. "बघा, बघा मंडळी! आपल्याच पोरीनं दाखवलं! टॉवरच्या लहरींनी टेस्टर पेटतोय!"

टाळ्या पडल्या. होय, टाळ्या. मी राखणदाराच्या पायाखालून वायर ओढून प्लग काढला आणि टेस्टर पुन्हा लावला. अंधार. "टॉवर तर चालूच आहे! मग आता का नाही पेटत?" पुढच्या रांगेतला एक पदवीधर गृहस्थ शांतपणे म्हणाला, "प्लग काढल्यावर लहरींना उतरायला वाट राहत नाही ना." लोकांनी माना हलवल्या. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला राग म्हणत नाहीत. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

मी प्लग पुन्हा लावला. ठिपका पेटला. मी बाजूला झाले.

"शेठ," मी म्हटलं, "कूलर तुमचा, पाटी तुमच्या नावाची. यात दोष नाही ना? मग बूट काढा आणि पहिला ग्लास तुम्ही भरा. आम्ही सगळे तुमच्या मागून पितो."

शेठ हसला. माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मला शुगर आहे ग पोरी. गार पाणी चालत नाही."

"शुगरवाल्याला पानी चालतं ओ शेठ," मागून आईचा आवाज आला. "साकर न्हाय त्यात."

कोणीतरी हसलं. शेठचा हात पँटच्या खिशात गेला आणि तिथंच राहिला. मग त्याची नजर फिरली आणि चौथऱ्याखाली उभ्या असलेल्या गाळ्यातल्या कामगारावर थांबली. रामसूरत त्याचं नाव. त्यानंच सकाळी दांडा मारला होता.

"ए रामसूरत," शेठ म्हणाला, "तू पी. चल, चप्पल काढ, वर ये. दिखा दे सबको."

रामसूरत त्याच्या चाळीत राहायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि एक चप्पल काढली.

तेवढं सगळ्यांना दिसलं, आणि मला वाटतं फक्त एका माणसाला कळलं. शेठ अडाणी नव्हता. त्याला टॉवरचं काय ते ठाऊक होतं आणि कूलरचंही ठाऊक होतं. स्वतःचा हात खिशात घालण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. बाबा पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी गठ्ठा खुर्चीवर ठेवला आणि छापखान्यात गेले. रामसूरतनं दुसरी चप्पल काढली. शेठ माइकवर म्हणत होता, "घाबरायचं कारण नाही, मंडळी, हा आपला—"

आणि आवाज तुटला. मंडपातले दिवे गेले, पंखे थांबले, टेस्टरमधला ठिपका गेला. गाळा वेगळ्या मीटरवर होता, त्याची खटखट तेवढी चालू राहिली. शेठ तोंड हलवत होता. माइकशिवाय त्याचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. दारात बाबा उभे राहिले आणि आयुष्यभर मोर्चात घोषणा दिलेल्या आवाजात म्हणाले, "लाइन माझी आहे. मी पाडली. सभा संपली. घरी जाऊन पाणी प्या."

शेठ म्हणाला, नाना, महागात पडेल. ते पडलंही; त्याच्या ओळखीतल्या सगळ्या लग्नपत्रिका पुढे दुसरीकडे छापल्या गेल्या. समिती मात्र लवकरच विरली, कारण दुसऱ्या एका कंपनीला दशरथशेठची गच्ची पसंत पडली. आज तिथं टॉवर आहे, चुलतभावाच्या टॉवरहून उंच. त्याच्याखाली शेठ नातवाला घेऊन बसतो आणि जनतेच्या आरोग्याविषयी त्याची काही तक्रार नाही. चिमण्याही असतात तिथं, टॉवरच्याच आडव्या दांडीवर. खालांच्या त्या हाताच्या दोन बोटांना अजून गरम-गार कळत नाही. त्या पदवीधर गृहस्थांचा आता क्लास आहे, विज्ञानाचा.

बाबा मला कधीही म्हणाले नाहीत की तुझं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती पहारीच्या आवाजानं. ते बनियनवर, घामानं निथळत चौथरा फोडत होते, आणि आई कमरेवर हात ठेवून, "तिकडं न्हाय ओ, आणिक उजवीकडं," असं सांगत उभी होती. जैनब खाला गाळ्याच्या पायरीवर दुखरा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. सिमेंटखालची माती पिठासारखी कोरडी निघाली. पाइपाचं तोंड मोकळं झालं तेव्हा आईनं रात्रभर जपून ठेवलेलं सुकटीचं पाणी आणलं आणि एका दमात ओतलं. माती ते आवाज करत प्यायली. वास अंगणभर पसरला आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तानेली होती गो, बग."

बाबांनी कूलर उलटा करून भिंतीशी टाकला होता. छापखान्यात जाऊन त्यांनी मेन स्विच चढवला, मशीन चालू केलं आणि माझ्यापुढे हात पसरला. टेस्टर अजून माझ्याकडेच होता. मशीनवर कालच्या उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा कोऱ्या पाठी वर करून लावलेला होता, आणि त्या पाठींवर एकच ओळ छापली जात होती, घोषणा नाही, खाली समितीचं नाव नाही, उद्गारचिन्हसुद्धा नाही: मशीन चावत असेल तर आधी अर्थिंग बघा. बाबांनी टेस्टर मशीनच्या लोखंडाला टेकवला, वरच्या टोकावर अंगठा दाबला, आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. तो पेटला नाही.